उद्धवराव डॉक्टरांचा एकूण अनुभव

सन एकोणीसशे सत्तावन्नच्या जूनमध्ये चिंचवड स्टेशनाजवळ, लाकडाच्या वखारीला लागून असलेल्या दोन खोल्यांत 'कौटुंबिक सलोखा केंद्र' उघडण्यात आले. पिंपरीला कारखाने उभे राहत होते. आजूबाजूच्या गावांतली माणसे कोंबड्याऐवजी भोंग्यावर उठू लागली होती. त्यामुळे घराघरांत जी भांडणे आजवर कोणत्याही मंजुरीशिवाय होत असत, ती यापुढे योजनेनुसार मिटवावीत, असे वरिष्ठांचे मत पडले. केंद्रप्रमुख म्हणून डॉ. उद्धवराव यांची नेमणूक झाली. मनोरुग्णालयात त्यांची बावीस वर्षे गेली होती. एकटा माणूस कधीच बिघडत नाही, अख्खे घर बिघडते आणि त्यातला सर्वांत गरीब सदस्य रुग्णालयात पाठवला जातो, असा त्यांचा सिद्धान्त होता. म्हणून केंद्राच्या दारावर त्यांनी पाटी लावली : 'एकट्याने येऊ नये.'

पहिले दोन आठवडे कोणीच आले नाही. एकजण आला होता, पण तो लोणावळ्याच्या गाडीची वेळ विचारायला आला होता. शिवाय तो एकटाच होता. कारकून ज्योतीराम याने त्याला पाटी दाखवून परत पाठवले.

तिसऱ्या मंगळवारी चाकणहून एक कुटुंब आले. कांद्याचे बागाईतदार बबनराव, त्यांची बायको कुशाबाई, मुलगा सोपान आणि सून छबू. सोपान शेती सोडून पिंपरीला कारखान्यात लागला, त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे बंद होते. अकरा महिने दोघे म्हशीमार्फत बोलत होते.

"म्हंजे सोपानानं गोठ्यात जायाचं," कुशाबाईंनी डॉक्टरांना समजावले, "आन म्हशीला म्हनायचं, सांग तुज्या मालकाला, मोटंचा दोर तुटलाय. मंग ह्ये दुसऱ्या अंगानं येनार आन म्हननार, सांग त्याला, दिसतंय मला. म्हस दूध द्यायची बंद झाली, तवा म्हनलं आता डाक्टर गाठावा."

डॉक्टरांची पद्धत सोपी होती. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी गप्प बसायचे. मग दुसऱ्याने पहिल्याचे म्हणणे आधी स्वतःच्या तोंडाने सांगायचे आणि नंतरच आपले म्हणायचे. सोपान बोलला. बबनरावांनी घसा खाकरला आणि खिडकीकडे बघत सुरुवात केली.

"त्यो म्हनतोय की... बापानं येकदा तरी इचारावं, तू तितं दिवसभर काय करतोस." एवढे बोलून त्यांनी मान वळवली. "काय करतोस रं तितं?"

"बाटल्यांवर बुचं बसवतो, आबा."

"दिवसभर?"

"दिवसभर. उभ्यानं."

"आन पाठ?"

"दुखती."

बबनराव उठले आणि लेकाच्या पाठीवरून हात फिरवू लागले. छबू रडली, कुशाबाई रडल्या. ज्योतीरामही रडला, पण कार्यालयीन वेळ चालू असल्याने त्याने ते नोंदवले नाही. पन्नास मिनिटांत चौघे हसत गाडीला गेले. डॉक्टरांना बावीस वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता.

पंधरवड्यात पुण्याहून निरीक्षक रंगराव यांचे पत्र आले. ज्योतीरामने ते उभे राहून वाचले.

"'आपल्या तक्त्यानुसार आपण आजवर पन्नास मिनिटे कौटुंबिक भांडण हाताळले आहे. सबब आपला एकूण अनुभव पन्नास मिनिटे. केंद्रप्रमुखास किमान शंभर तासांचा अनुभव अनिवार्य आहे.'"

"आणि माझी बावीस वर्षं?"

"आहे, तेही आहे. 'रुग्णालयातील रुग्ण एकएकटे असल्याने ती सेवा कौटुंबिक अनुभवात धरता येत नाही. आपल्या माहितीसाठी, दुसऱ्या जिल्ह्यातील केंद्रप्रमुखांनी एकच कुटुंब सलग चार वर्षे हाताळून अनुभवाचा उच्चांक केला आहे. सदर कुटुंबात आता दोघेच शिल्लक आहेत, तरी काम चालू आहे. डिसेंबरअखेर आपले तास न भरल्यास केंद्र बंद करून आपणांस पूर्वपदावर पाठवण्यात येईल.'"

डॉक्टरांनी पत्र हातात घेऊन शेवटची ओळ पुन्हा वाचली. पूर्वपद म्हणजे त्या उंच भिंती, आणि घरच्यांनी आणून सोडलेली ती एकएकटी माणसे. ज्योतीरामने त्यांना पाणी दिले आणि वीस वर्षांच्या कारकुनीतून आलेल्या मायेने म्हणाला, "साहेब, तुमचं चुकतं कुठं सांगू? तुम्ही भांडण मिटवता. ते सांभाळायचं असतं."

पुढच्या बाजाराला दोघे चाकणला गेले. कांद्याच्या ढिगाआड उभे राहून डॉक्टरांनी चाचरत सगळे सांगितले. बबनरावांना ते नीटसे कळले नाही. कुशाबाईंना लगेच कळले.

"तुमी आमचं घर सांधलं. तुमच्यापायी भांडू की आमी! त्यात काय?"

मंगळवार सोपानच्या सुट्टीचा. दर मंगळवारी चौघे तळेगावपर्यंत बसने आणि पुढे गाडीने चिंचवडला येऊ लागले. पहिला प्रयत्न फसला.

"तू," बबनराव लेकाला म्हणाले, "तू लई वंगाळ हायस."

"व्हय, आबा," सोपान म्हणाला.

"सहमतीची वाक्यं भांडणात धरता येत नाहीत," ज्योतीरामने घड्याळ थांबवले.

मग कुशाबाईंनी सूत्रे हाती घेतली. त्यांनी माहेरचे विषय काढले, सासरचे काढले, ते संपल्यावर शेजाऱ्यांचे उसने आणले. गाडीत तालीम चाले. डब्यातले प्रवासी पक्ष घेऊ लागले. देहूरोडला उतरणारी माणसे निकाल कळावा म्हणून चिंचवडपर्यंत येऊ लागली. ऑक्टोबरात केंद्राच्या खिडकीशी शेंगा खात उभे राहणाऱ्यांची गर्दी एवढी वाढली, की वखारवाल्याने ओंडके बसायला दिले. चार-चार तास भांडून हे कुटुंब इतके रिकामे होऊन घरी जाई, की उरलेला आठवडा त्यांच्यात एकही वाकडा शब्द निघत नसे. ते पाहून चाकणची आणखी अकरा घरे भांडायला येऊ इच्छीत होती. परंतु त्यांची भांडणे खरी होती. ती लवकर मिटण्याचा धोका असल्याने ज्योतीरामने त्यांचे अर्ज प्रलंबित ठेवले.

डिसेंबरात शहाण्णव तास भरले. शेवटचे चार तास निरीक्षकांसमक्ष व्हायचे होते. रंगराव वेळेवर आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सुरू करा."

पण त्या दिवशी निराळेच होऊन बसले होते. छबूला दिवस गेल्याचे आदल्या दिवशी कळले होते आणि चौघांच्या चेहऱ्यावरून हसू जात नव्हते.

"सटवे!" कुशाबाईंनी कंबर कसली. छबूने वर पाहिले. "सटवे... पाय वर घ्यून बस गं, फरशी गार हाय."

बबनरावांना हसू फुटले. सोपान तर उघडच लाजत होता. रंगरावांनी चष्मा काढून पुसला. "डॉक्टर, हे कुटुंब सुखी दिसतं. हा काय प्रकार आहे?"

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. नेमक्या त्याच वेळी त्यांची पत्नी कौशल्याबाई जेवणाचा डबा घेऊन दारात आल्या. त्यांनी समोरचे दृश्य, खिडकीतली गर्दी आणि डोळे मिटून बसलेले आपले यजमान बघितले. मग त्यांनी डबा टेबलावर असा आपटला, की ज्योतीरामची शाई उडाली.

"परक्यांचं ऐकायला दर मंगळवारी चार तास! आणि मी दोन वाक्यं बोलले तर तुम्ही वर्तमानपत्र उलटता. चोवीस वर्षं सांगतेय, ऐकलंत कधी?"

"अगं, साहेब आलेत..."

"येऊ देत! त्यांनी तरी ऐकावं!"

आणि कौशल्याबाई बोलत राहिल्या. खिडकीतल्या लोकांच्या शेंगा हातात राहिल्या. ज्योतीरामने घड्याळ चालू केले. डॉक्टर उत्तर द्यायला उठले, तसे कुशाबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवले.

"असं न्हाई, डाक्टर. आदी बाई काय म्हनल्या, त्ये तुमच्या तोंडानं सांगा."

डॉक्टरांनी तोंड उघडले. "ती म्हणते की... मी फार काम करतो."

"न्हाई," खिडकीतून सगळे एकदम म्हणाले.

"ती म्हणते की... जेवण गार होतं?"

"न्हाई!"

बावीस वर्षे माणसांची मने जाणणाऱ्या त्या माणसाने शेवटी हात जोडले. "पुन्हा सांग. मी ऐकलं नव्हतं."

कौशल्याबाईंचा आवाज खाली आला. "मला वांगी आवडत नाहीत. लग्नापासून सांगतेय. तुम्ही दर रविवारी माझ्यासाठी म्हणून वांगी आणता, आणि मी ती खाते."

"हिला वांगी आवडत नाहीत," डॉक्टर सावकाश म्हणाले, "मी दर रविवारी वांगी आणतो आणि ही... खाते." त्यांचे डोळे भरून आले. "चोवीस वर्षं खाल्लीस?"

"खाल्ली."

वीस मिनिटांत सगळे मिटले. रंगराव बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी अहवाल वाचून दाखवला : अधिकाऱ्याच्या स्वतःच्या घरात चोवीस वर्षे अखंड भांडण चालू असून अधिकाऱ्यास त्याचा पत्ताही नव्हता, असे आढळले. सबब कौटुंबिक अनुभव चोवीस वर्षे. राज्यात इतका अनुभवी दुसरा अधिकारी नाही. बढतीवर मुंबईस, इतरांना प्रशिक्षण देण्यासाठी.

"मग इथं कुशाबाईंना नेमा, साहेब," ज्योतीराम म्हणाला. "आता त्यांनीच मिटवलं की."

"किती वेळात?"

"वीस मिनिटं."

"अपात्र," रंगराव म्हणाले आणि गाडीला निघाले.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी बायकोला विचारले, जायचे का मुंबईला? असा प्रश्न त्यांनी तिला पहिल्यांदाच विचारला होता. तिने विचार करायला दोन दिवस घेतले, ते थांबले. मग दोघे गेले.

चिंचवडची जागा तेव्हापासून रिकामी आहे. पदवीची अट काढून टाकण्यात आली आहे, फक्त प्रदीर्घ अनुभव हवा. आपण ही गोष्ट वाचत असताना घरातून कोणीतरी आपल्याला दोनदा काहीतरी सांगितले आणि आपण मान वर न करता "हं" म्हणालात. काय सांगितले ते आठवते का? नसेल आठवत तर हरकत नाही. आपला अर्ज अवश्य पाठवा.