हद्दीतली करवंदं

माझी मांजर कुंपणापलीकडे गेली की शेजारचे दादा तिच्या गळ्यात चिठ्ठी बांधून तिला परत पाठवत. 'सदर मांजर आज सकाळी विनापरवाना आमच्या हद्दीत आले. मालकाने समज द्यावी.' खाली सही आणि तारीख. मी शाळामास्तर. चिठ्ठीतलं शुद्धलेखन तपासून मी ती त्याच मांजरीबरोबर उलट टपाली धाडत असे. आमचा शेजार हा असा होता.

दादांचा उभा जन्म जव्हार संस्थानच्या मोजणी खात्यात, लोखंडी साखळी ओढत डोंगर मोजण्यात गेला. घरी बसले तरी सवय सुटली नाही. धोतर वाळत घालायची दोरीसुद्धा त्यांना सुतात लागे. कुठलाही वाद निघाला की "हद्द म्हणजे हद्द, मास्तर!" एवढं म्हणून ते आत निघून जात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, यमू, नाशकाकडे दिलेली. घरात दादा आणि त्यांचा आवाज, बस्स.

अशा माणसाने म्हातारपणी अंगणाभोवती करवंदीचं कुंपण लावायचं काढलं आणि अख्खं गाव हसलं. अहो, इथे दाराबाहेर पाऊल टाकलं की करवंदी धोतर धरते! शिरपामाळाकडे जा नाहीतर सूर्यमाळावर चढा, नुसत्या जाळ्याच जाळ्या. मी तर तोंडावर म्हणालो, "दादा, आता अंगणात गवतही पेरा."

त्यांनी बिया धुतल्या, खडखडीत वाळवल्या, पुड्या बांधल्या, प्रत्येक पुडीवर नंबर घातला आणि सगळ्या दप्तरात लावून ठेवल्या. पुढच्या आषाढात दोरी धरून वीत वीत अंतरावर पेरल्या. एक उगवेल तर शपथ! दादा रोज सकाळी उकिडवे बसून त्या मातीकडे बघत. शेवटी जामसरची लखमी रानभाजीची पाटी घेऊन दारावर आली होती, तिने विचारलं.

"बी सुकवलास? मंग मेलं ना ते. पाखरू काय सुकवून टाकतं? ओलं टाक, ओलं!"

लखमीच्या पाड्यावर लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. मोजणीदाराला आजवर तसं कुणी म्हटलं नसावं. पण दादांनी निमूट ऐकलं. पुढच्या ज्येष्ठात ताज्या करवंदांचं बी ओलं असतानाच टाकलं, आणि रोपं तरारून वर आली.

मग चार वर्षं दादा छत्री घेऊन बकऱ्या हाकत बसले. कुंपण वाढलं, पण करवंदी ती, ती कुणाची दोरी मानते? एक फांदी गल्लीत हातभर बाहेर, दुसरी माझ्या अंगणात. दादा कोयता घेऊन तिच्यासमोर उभे राहत, बघत, आणि तसेच परत फिरत. मला वाटलं, हात थकले बिचाऱ्याचे.

चौथ्या फाल्गुनात कुंपण पांढऱ्या फुलांनी भरलं. त्याच आठवड्यात दादा काळा कोट चढवून बैलगाडीत बसले. "नाशकाकडे जाऊन येतो. मांजर आवरा," एवढंच म्हणाले.

मला अवदसा आठवली. म्हटलं, म्हातारा येईल तेव्हा कुंपण कसं सुतात दिसलं पाहिजे, खूश होईल. दोरी लावली आणि दोन दिवस खपून सगळं छाटून काढलं. फुलांचा सडा पडला, वास तर घरभर. खोटं सांगत नाही, करवंदांचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. डोंगरभर करवंदं असताना कुंपणाची कोण मोजतो?

दादा परतले आणि गाडीतून उतरल्या जागी थांबले. त्यांचा चेहरा बघून मी घाबरलो. खोटं बोलणाऱ्या पोरांना छड्या मारणारा मी, बोलून गेलो, "बकऱ्या शिरल्या होत्या हो!"

दादांनी कुंपणाच्या माथ्यावरून बोट फिरवलं.

"बकरी दोरी लावून खात नाही, मास्तर."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओट्यावर बसून म्हणाले, "यमू नऊ वर्षांची होती. पाड्यावरच्या मुलींबरोबर शिरपामाळावर गेली आणि परकराच्या ओच्यात करवंदं भरून आली. मी ती रस्त्यावर फेकली. म्हटलं, हद्दीबाहेरचं माझ्या घरात चालायचं नाही. पोर रडली नाही, नुसती बघत राहिली. आता दिवाळीला येते, दोन दिवसांत जाते. वैशाखात ये म्हटलं की म्हणते, वैशाखात तुमच्या घरात आहे काय? यंदा तिला सांगून आलोय, आहे म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वैशाखात यमू यायची त्या दिवशी, नुकतं उजाडलं असताना दादांची हाक आली, "मास्तर, जरा हद्द ओलांडा." जन्मात पहिल्यांदा! गेलो तर ओट्यावर लखमी करवंदांनी भरलेली पाटी घेऊन बसलेली, आणि दादा एकेक करवंद कुंपणाच्या काट्यावर टोचत होते. तेही वीत वीत अंतरावर.

"अरे, करवंद असं लागतं काय? झुपक्याने लाव!" लखमी हसून हसून बेजार झाली, आणि मग तीही लावायला लागली. मीही हात घातला. दादांच्या आणि माझ्या बोटांची चाळण झाली.

यमू आली. पाय धुवायच्या आधी कुंपणाकडे गेली. तिने एक करवंद काढलं. ताजं करवंद तोडलं की देठाशी पांढरा चीक येतो, बोटांना चिकटतो. इथे वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. यमूने कोरडी बोटं एकमेकांवर चोळली, आमच्या ओरखडलेल्या हातांकडे पाहिलं. मी मांजरीकडे बघत राहिलो.

तिने करवंद तोंडात टाकलं. "गोड आहेत हो, दादा. चीकसुद्धा लागत नाही."

"हद्दीतली आहेत," दादा म्हणाले आणि धोतराची दोरी सारखी करायला वळले. यमू त्या खेपेस महिनाभर राहिली.

श्रावणात दादा गेले.

पुढच्या वैशाखात कुंपण वेडंवाकडं वाढलं आणि काळंभोर लगडलं. यमू आपणहून आली. पहिलं करवंद तोडलं, चीक बोटांवर आला, तशी ती तिथेच मटकन बसली आणि ढसाढसा रडली. मला राहवेना. मी सगळं कबूल केलं. म्हटलं, यमू, मी कोयता चालवला नसता तर ही करवंदं तुला दादांच्या हातून मिळाली असती.

तिने पदराने डोळे पुसले आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "पण मी विचारलं तेव्हा दादा तर म्हणाले, बकऱ्या शिरल्या होत्या."