कोठीवाले आबा

दूधवाला गल्लीतून पुढे गेला की आमच्या भिंतीपलीकडून रोज खणखणीत आवाज यायचा, "कोठी उघडली!"

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, शेजारी कुणा बड्या व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार असणार. एकदा परसातून डोकावून बघितलं. कसलं कोठार नि कसलं काय! स्वयंपाकघरातलं भिंतीतलं एक कपाट. त्याच्या दाराशी डोक्याला रुमाल, अंगात बंद गळ्याचा काळा कोट आणि हातात तागडी अशा दरबारी थाटात आबा उभे. समोर दोन पातेली नि एक वाटी घेऊन त्यांची बायको, आक्का.

"माणसं किती?" आबांनी विचारलं.

"आवं, तुमी आन् मी. काल दोघं हुतो, आज बी दोघंच की."

"इचारायची पद्धत हाय."

मग तांदूळ तोलले, डाळ तोलली, तेल पळीनं मोजलं. साखरेची पाळी आली तेव्हा आबांनी श्वास रोखून धरला. कुलूप लागलं, किल्ली कडोसरीला गेली. आता आभाळ कोसळलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कपाट उघडायचं नाही. मी घरात येऊन आमच्या मास्तरांना म्हटलं, "शेजारी माणूस राहत नाही हो, तागडी राहते."

मागाहून कळलं, त्यात आबांचा दोष अर्धाच. बाकीचा अर्धा हत्तींचा. संस्थान होतं तोवर आबा हत्तीखान्याच्या कोठीवर कारकून होते. कुठल्या हत्तीला किती रोट, किती गूळ, किती तूप, सगळं त्यांच्या हातून तोलून जायचं. पुढे संस्थान गेलं, हत्ती गेले, आबा तुटपुंज्या पेन्शनीवर घरी आले. हत्तींचा हिशेब मात्र त्यांच्या डोक्यातून गेला नाही. त्यांनी तो आक्कांना लावला.

एक तारखेला ते बाजारातून महिन्याचं सामान आणायचे. त्यानंतर दुकानाची पायरी चढायची नाही, उधारी नाही, शेजारून वाटीभर काही मागायचं नाही. रेशनचा काळ, महिनाअखेरीला कुणाच्या घरी टंचाई नव्हती? आम्ही बायका भिंतीवरून वाट्या फिरवत कसातरी महिना ढकलायचो. आबांना ते मान्य नव्हतं. "म्हैना म्हंजे मडकं हाय, मास्तरीणबाई," ते मला सांगायचे. "एकदा फुटलं की सांधत न्हाय."

पहिल्या आठवड्यात त्यांच्या घरातून रश्श्याचा असा वास यायचा की आमच्या पोरांचं अभ्यासात लक्ष लागत नसे. शेवटच्या आठवड्यात झुणका, नुसता झुणका. चहा गुळाचा व्हायचा, मग कोरा व्हायचा, मग "उष्ण पडतो" म्हणून बंद व्हायचा. आक्का कधी वैतागल्या तर आबांचं ठरलेलं वाक्य होतं, "हत्ती कवा कुरकुरला न्हाय!"

"हत्तीला भांडी घासावी लागत न्हवती," आक्का म्हणायच्या. आक्काही काही कमी नव्हत्या.

एकदा महिनाअखेरीला मुरगूडहून आक्कांचा भाऊ न कळवता आला. आता कोल्हापुरात पावणा आला म्हणजे आधी तांब्याभर पाणी, मग मटणाची पिशवी. आबांनी पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "पावणं, शिधा आणलासा का संगं?"

"शिधा?"

"आमच्याकडं दुसऱ्या संस्थानातला हत्ती आला की त्येचा चारा तिकडनं यायचा."

आक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. भाऊ मात्र खरा रांगडा गडी. तो पोट धरून हसला, पिशवी उचलून बाजारात गेला आणि स्वतःच मटण घेऊन आला. आबांनी त्या रात्री दोनदा रस्सा मागून घेतला. कोठीबाहेरचा माल असला की त्यांना पोटभर जेवायला काही हरकत नसे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण दिवाळी झाली आणि त्यांची एकुलती एक लेक, शालू, पहिल्या बाळंतपणाला गारगोटीहून माहेरी आली. पोर मुळात काडीसारखी, त्यात सातवा महिना. सुईणीनं तिला बघितलं आणि आक्कांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "पोरीच्या अंगात रगत न्हाय. तूप, डिंक, खोबरं पोटात जाऊ दे. न्हाईतर मला बोल लावायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी कोठी उघडली. आम्ही पलीकडून कान देऊन होतो.

"माणसं किती?"

"साडेतीन धरा," आक्का म्हणाल्या.

"अर्धं कोण?"

"शालूच्या पोटातलं!"

"जलमल्यावर बगू. हजर नसल्याला जनावराचा शिधा काढला की नोकरी जाती."

त्या दुपारी आक्का माझ्या स्वयंपाकघरात बसून पदर डोळ्यांना लावून रडल्या. आक्कांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं. "मास्तरीण, माझी पोर हातची जाईल गं," म्हणाल्या. मला आबांचा असा संताप आला की त्यांची ती तागडी पंचगंगेत फेकून यावी. मी म्हटलं, "रडू नका. रोजच्या मापातनं मूठभर बाजूला काढा आणि माझ्याकडे आणून ठेवा."

झालं. रोज आक्का पदराखालून चिमूट-मूठ आणायला लागल्या. गूळ, खोबऱ्याचा तुकडा, कणीक. माझ्या मांडणीवर त्यांची एक बरणी झाली. स्वतः अर्धपोटी राहत होत्या, तेही मला दिसत होतं. पण तूप चिमटीनं कुठं साठतं? तुपाचा काही मेळ बसेना.

आबा इकडे भलतेच देवभक्त झाले होते. जेवण झालं की कोट चढवून "अंबाबाईला जाऊन येतो" म्हणून निघायचे ते दिवेलागणीला परतायचे. "ह्येंच्या कोटाला मुंग्या लागत्यात गं," आक्का मला म्हणाल्या. "परसाद सांडत असंल."

एक दिवस आक्का शालूला घेऊन सुईणीकडे गेल्या होत्या. मी परसात भांडी घासत होते. कुंपणाच्या फटीतून आधी एक रुमाल आला, मग कोट, मग आबा. चोरासारखे. हातात फडक्यात बांधलेली पितळी बरणी.

"मास्तरीणबाई, ह्ये तुमच्याकडं राहू दे."

फडकं सोडलं. तूप! कणीदार, रवाळ, घरगुती तूप. वर डिंकाची पुडी.

"आबा, हे कुठनं आणलंत?"

आबांनी आधी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग खाली बघून म्हणाले, "गुळाच्या बाजारात काट्यापाशी हुबा राहतो. शाहूवाडीकडची मानसं गूळ घालायला येत्यात, त्येंचं वजन धडपणी हुतंय का न्हाय ते बगतो. माझी नजर हाय ना काट्यावर. त्ये तूप देत्यात."

दरबारचा कारकून, बंद गळ्याचा कोट घालून, बाजारात उन्हातान्हात उभा! मुंग्या कसल्या प्रसादाच्या होत्या ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मग पैसे घ्यायचे की! उघड बाजारातून आणता आलं असतं."

"पैसं घेतलं तर म्हैन्याच्या हिशेबात धराय लागतील," आबा गंभीरपणे म्हणाले. "तूप कुटं धरायचं? त्ये धरताच येत न्हाय."

"आणि आक्कांना का नाही सांगायचं?"

"तिला कळलं मी नेम मोडला, तर उद्या कोठी कोण मानंल? पुढं पेन्शनीत दोन जीव काढायचं हायत. पोरीला म्हणा, तुमीच दिलं. अंबाबाईची शपथ हाय तुमाला."

शपथ घातली. काय करते? त्यांची बरणी घेतली आणि आक्कांच्या बरणीशेजारी न ठेवता वरच्या फळीवर ठेवली. आता एका घरचे दोन चोर नि मी दोघांची राखणदार! एकदा तर आक्का माझ्या चुलीपाशी आणि आबा पुढच्या दारात, दोघंही आपापला माल घेऊन. "मास्तर घरात नाहीत, संध्याकाळी या," म्हणून मी आबांना दारातूनच पिटाळलं. मास्तर आतल्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी नुसते डोळे वर केले.

लाडू माझ्याच चुलीपाशी वळले गेले. आक्का डिंक तळता तळता माझे हात धरायच्या, "तुजं लई उपकार गं, असलं तूप कुणी परक्याला देतंय का?" मला जमिनीनं पोटात घ्यावं असं व्हायचं. फुकटचं पुण्य पचायला फार जड.

शालू मात्र भरली. गालावर रंग आला. बाळंतपण सुखरूप झालं, गोरीपान नात झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला.

"माणसं किती?"

"चार!" आक्का ठणकावून म्हणाल्या.

"चौथ्याला दात हायत?"

"न्हाईत."

"मग तीनच."

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि जावई न्यायला आले. टांगा दाराशी लागला. आक्कांनी ओटी भरली, डोळे पुसले. शालू बाळाला घेऊन आधी आबांच्या पाया पडली, मग माझ्या. माझ्या पायाशी वाकली ती उठेचना.

"काकी, माझं बाळंतपण तुमी केलंसा," ती रडत म्हणाली. मग आबांकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळ्या पोरी म्हायारी येऊन हक्कानं खात्यात. मला माझ्या बापानं तोलून घातलं."

माझ्या जिभेवर आलं होतं. शपथ गेली खड्ड्यात, म्हटलं, सांगून टाकते! तोंड उघडलं तेवढ्यात आबांकडे नजर गेली. ते शालूच्या पाठीमागे उभे होते आणि माझ्याकडे बघून मान हलवत होते. नको, नको. हात जोडलेले.

"खरं हाय पोरी," ते मोठ्यानं म्हणाले. "शेजार चांगला भेटला म्हणून निभावलं."

शालू टांग्यात चढली ती तोंड फिरवूनच. टांगा वळणावर दिसेनासा झाला. आक्का आत गेल्या. मी आणि आबा रस्त्यात उभे. माझा तर राग मावेना.

"आबा, एक शब्द बोलला असता तर काय तोंड झिजलं असतं? पोर आयुष्यभर तुम्हाला कंजूष म्हणेल की!"

"म्हणू दे."

"का पण?"

आबा अजून वळणाकडेच बघत होते.

"सासरी जाताना पोरीच्या मनात बापाची लई माया नसावी, मास्तरीणबाई. पाय निघत न्हाय. वाईच राग असला, की पाय चटशिरी उचलतो."

एवढं म्हणाले आणि भर गल्लीत, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तोंडावर रुमाल धरून लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले.