अप्पा दामल्यांचे पाहुणे

अप्पा दामले कांदासुद्धा खात नाहीत. पण हरणांची शिकार करायची म्हणून दर ऑगस्टअखेर ते हरणांसाठी शेत पेरतात. ओट, सलगम आणि क्लोव्हरचा चारा. "पाहुणे बोलवायचे तर आधी पान वाढायला नको?" असं त्यांचं म्हणणं. पान वाढून पाहुण्यावर बंदूक रोखायची, असला यजमान मी दुसरा पाहिलेला नाही.

जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर अप्पा डोंगरात, दिवंगत बायकोच्या माहेरच्या घरात राहायला गेले. त्या वाडीत आता दोनच घरांत दिवा लागतो. एक अप्पांचं आणि दुसरं ओढ्यापलीकडच्या ऐंशीच्या चिएकोबाईंचं. दोघांचं रोज कशावरून तरी भांडण असतं, बहुतेक कचऱ्यावरून.

बंदुकीच्या परवान्यासाठी इथे पोलीस ओळखीपाळखीच्यांकडे चौकशी करतात. माझ्याकडे आले तेव्हा "हे गृहस्थ चिडतात का?" या प्रश्नाला मी घाबरून "फक्त कुणी चुकीच्या पिशवीत कचरा टाकला तर" असं खरं उत्तर दिलं. परवाना मिळाला. पोलिसांना ते रास्त वाटलं असावं.

शनिवारी मी मदतीला जातो. माझ्या हातून कुंडीतला कढीपत्ताही जगत नाही, त्यामुळे मी फक्त पोती उचलतो. एकदा पेरायला घेतलं तर अप्पा ओरडले, "काय रे सॉफ्टवेअर, बी पेरायचंय, पुरायचं नाही!" तरी जातो. एखादं हरीण पडेल आणि वाटा मिळेल, ही आशा. घरी बायको कट्टर शाकाहारी, म्हणून गाडीतला आइसबॉक्स भाजीसाठी आहे असं तिला सांगितलंय. तिने आजवर काही विचारलेलं नाही, याचाच मला जास्त त्रास होतो.

यंदा अप्पांनी दुप्पट पेरलं, आणि माझं मन खाऊ लागलं. दोन वर्षं हरणांनी चिएकोबाईंचे मुळे फस्त केले होते. तोक्योच्या कोतो भागात राहणारा मुलगा तिला फ्लॅटमध्ये चल म्हणून मागे लागला होता. "यंदाही मुळे गेले तर मी जाणार!" ती ओढ्यापलीकडून ओरडली. "हा दामले-सान हरणांना आमंत्रणं देतो, आणि तू त्याची पोती वाहतोस!" मी कमरेत इतका वाकलो की पोतं पाठीवरून घसरलं.

"अप्पा, आपल्यामुळे म्हातारीला घर सोडावं लागेल हो."

"पाहुण्यांचं मी बघतो. तू पोतं उचल."

मी उचललं. माझी सदसद्विवेकबुद्धी अशीच आहे. कुरकुरते, पण सांगितलेलं काम करते.

नोव्हेंबरात हंगाम उघडला. पहिल्याच सकाळी आम्ही झुडपाआड बसलो. ऊन आलं आणि शेतात हरणंच हरणं दिसली, मजेत चरणारी. बंदूक अप्पांच्या मांडीवर तशीच. ते दुर्बिणीतून भलतीकडेच पाहत होते.

"अप्पा, मारा ना!" मी कुजबुजलो.

"सगळी इथेच आहेत."

"म्हणून तर म्हणतोय!"

"अरे गाढवा, सगळी इथे आहेत म्हणजे तिकडे कुणी नाही."

त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. ओढ्यापलीकडे चिएकोबाई वळचणीच्या बांबूवर मुळे वाळत टाकत होती. चांगले मांडीएवढे जाड, एकालाही दात लागलेला नाही.

"रानातून तिच्या शेताकडे जायची वाट इथूनच जाते," अप्पा म्हणाले. "दोन वर्षं आपलं पान कमी पडलं. इथे जेवले आणि तिकडे जाऊन गोड खाल्लं."

"मग तिला सांगत का नाही?"

"उपकार कळला की ती गोड बोलायला लागेल. मग मी भांडायचं कुणाशी? या डोंगराशी?"

तेवढ्यात पलीकडून हाक आली. "दामले-सान! लागलं का काही? आवाज नाही आला तो!"

"बंदूक अडकली!"

"दरवर्षीचंच! जाताना मुळा ने. तुझ्या हमालालाही एक!"

हरणांनी माना वर केल्या, आणि पुन्हा खाली घातल्या. त्यांना या आरडाओरड्याची सवय असावी. माझ्या वाट्याचा मुळा पुढे आइसबॉक्समध्ये मावला नाही, तो मांडीवर घेऊन मी घरी आलो.

त्या सकाळी अप्पांनी मात्र तिथेच बंदूक पिशवीत घातली, चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऐकलंस? राहतेय."