सोनं की शिसं

माझी बायको शुभा वारली, त्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधले कर्णिक येऊन बसले आणि काही बोलले नाहीत.

दुबईच्या करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ही दुसरी बातमी पहिलीइतकीच पसरली. कर्णिक नोकरीला इन्शुरन्समध्ये असले, तरी त्यांचं खरं खातं प्रेमाचं. बंद पडलेल्या एका ग्रीक हॉटेलातून त्यांनी इरॉसचा प्लास्टरचा पुतळा आणला होता. अंगावर पंख आणि धनुष्य, बाकी काही नाही. तो दाराबाहेर चपलांच्या रॅकवर उभा. वॉचमन म्हणाला, "साब, बच्चे को कुछ पहनाओ." तेव्हापासून ग्रीकांचा प्रेमदेव पंचा नेसून होता.

कोणी त्याला क्युपिड म्हटलं की कर्णिक दुखावत. "क्युपिड रोमन. हा ओरिजिनल." मग व्याख्यान. याच्याकडे बाण दोन. सोन्याचा लागला की माणूस प्रेमात पडतो, शिशाचा लागला की पळत सुटतो. त्यानुसार ते लिफ्टमध्येच जोडप्यांचे निकाल लावत. हातात हात घालून फिरणाऱ्या एका जोडप्याला पाहून म्हणाले, "शिसं. खलास." पुढे ते जोडपं खरंच वेगळं झालं. कर्णिकांनी पेढे तेवढे वाटले नाहीत.

आम्हीही शिसंच होतो. एसीवरून चालणारं आमचं भांडण समोरच्या दारापर्यंत जाई. मला वीस लागे, तिला सव्वीस. शुभा विचारायची, "कर्णिक, आमचं अपील?" ते म्हणत, "वहिनी, इन्शाल्ला, पुढच्या जन्मी." ती हसायची. घरात आल्यावर एकदा मात्र म्हणाली, "त्यांना खरंच तसं वाटतं का रे?"

तुम्हाला कुठला बाण लागला, असंही तिने त्यांना विचारलं होतं. "माझी फाईल निघेपर्यंत या पोराचं टार्गेट पूर्ण झालं होतं," असं म्हणून ते पुतळ्याचा पंचा सारखा करू लागले.

मे महिन्यात ते पुन्हा आले. शर्ट पाठीला चिकटला होता. एसी बिघडलाय समजून त्यांनी रिमोट उचलला आणि आकडा पाहिला.

"सव्वीस?"

"तिला थंडी वाजते," मी म्हणालो.

कर्णिकांनी रिमोट होता तिथे ठेवला. बराच वेळ कपाळ पुसत राहिले.

"सोनं," ते म्हणाले. "वहिनींना सांगायला हवं होतं."

आता ते रोज संध्याकाळी येतात. घाम पुसायला इरॉसचा पंचा घेऊन येतात. एसी सव्वीसवर असतो.