सासऱ्यांना आलेली नोटीस

सासऱ्यांनी नोटीस जावयाच्या टेबलावर आपटली. वाचनालयातले सगळे वाचक माना वर करून बघू लागले.

“बावीस वर्षं हेडमास्तर होतो मी. पुस्तकाचं पान कधी दुमडलं नाही. आणि तुमचं वाचनालय मला कळवतं, नवविवाहितांसाठीचं पुस्तक नऊ वर्षं माझ्याकडे आहे! या वयात?”

“बाबा, बघतो मी,” जावई म्हणाला. नोटिसा त्यानेच काढल्या होत्या.

झालं होतं ते असं. गेल्या आठवड्यात त्याने संगणकावरची सभासदांची यादी जुन्या टेबलातून, म्हणजे तक्त्यातून, नव्या टेबलात कॉपी केली. बावीस रकाने होते. एसक्यूएल या संगणकाच्या भाषेत एकेकाचं नाव लिहायला दहा मिनिटं लागली असती. पण याला दहा मिनिटं जड झाली. त्याने नुसता स्टार टाकला, म्हणजे असेल ते असेल त्या क्रमाने उचल. संगणक सांगकाम्याच. जुन्या टेबलात आधी सभासद होता, मग त्याचा जामीनदार. नव्यात बरोबर उलटं. दोन्ही रकान्यांत नाव-पत्ताच, त्यामुळे संगणकाने हूं का चूं केलं नाही. पुस्तकं दाबून बसलेले घरी निवांत, आणि त्यांना जामीन राहिलेल्या भल्या माणसांना नोटिसा. याला काय म्हणावं?

दुपारपर्यंत दोन डॉक्टर, एक वकील आणि पोस्टमास्तर नोटिसा नाचवत येऊन गेले. ग्रंथपाल बाईंचा पारा चढला.

“तीनशे सज्जनांना एका फटक्यात चोर ठरवलंस. आत्ताच्या आत्ता निस्तर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

त्याने नवं टेबल रिकामं केलं, बावीसही रकान्यांची नावं निमूटपणे लिहिली आणि यादी पुन्हा कॉपी केली. आता सगळं जागच्या जागी बसलं. प्रिंटर सुरू करून तो ऐटीत वळला.

“बाबा, तुम्ही नुसते जामीनदार होतात. पुस्तक ढापणारा दुसराच कोणीतरी. असल्या माणसाला जामीन राहिलातच कसे?”

“मी जन्मात एकालाच जामीन राहिलोय,” सासरे म्हणाले. “मुलीचं लग्न ठरलं तेव्हा. म्हणाली, त्यांना वाचनाची फार आवड आहे.”

ग्रंथपाल बाईंनी प्रिंटरमधून पहिली नोटीस उचलली, नाव वाचलं आणि पोस्टात न टाकता जावयाच्या हातात दिली.

“पोच घ्या त्यांच्याकडून,” सासरे म्हणाले.