नास्तिकाची तालीम

मुलीचं पत्र मंगळवारी आलं. "बाबा, माझा आता देवावर विश्वास उरलेला नाही. शनिवारी घरी येतेय. कृपा करून वाद घालू नका." पाळकसाहेबांनी ते तीनदा वाचलं आणि त्याच संध्याकाळी नवीकोरी वही काढून वादाची तयारी सुरू केली.

एकुलती एक लेक हातची जाणार, या धास्तीने त्यांना अन्न गोड लागेना. गुरुवारपर्यंत चाळीस पानं भरली. डाव्या पानावर नास्तिकांचा मुद्दा, उजव्या पानावर त्याला उत्तर.

"पोरगी जेवायला येतेय, परीक्षेला नाही," पाळकीणबाई म्हणाल्या.

पण साहेबांना आता तालीम हवी होती आणि तालमीला नास्तिक. मंडळीत तसा कुणी नव्हता. निदान कबूल करणारा तरी. शेवटी त्यांनी चर्चची घंटा वाजवणाऱ्या सुताराला गाठून पत्राची हकिगत सांगितली. वीस वर्षांत त्याने एकही उपासना चुकवली नव्हती. त्याची बायको जाऊन चार महिने झाले होते. तेवढाच त्याचा वेळ जाईल, अशी साहेबांनी स्वतःची समजूत घातली.

"म्हणा, देव नाही."

"देव नाही," सुतार म्हणाला आणि लगेच पुटपुटला, "प्रभू, क्षमा कर."

"ते नका म्हणू! बरं, हे टेबल बघा. आपोआप झालं का?"

"आपोआप कसं होईल? मीच केलंय, तुमच्या लग्नात."

"म्हणजे टेबलाला सुतार लागतो. मग एवढ्या विश्वाला?"

"लागणारच की. पटलं."

"अहो, इतक्यात पटवून घेऊ नका! जरा भांडा माझ्याशी."

पण सुताराला पाऊण तासात सगळेच मुद्दे पटले. साहेब रडकुंडीला आले. त्यांनी वही त्याच्या हातात दिली. "घरी न्या. फक्त डावी पानं वाचा. उजवीकडे अजिबात बघायचं नाही."

सुतार सांगितलेलं काम चोख करणारा माणूस. दोन रात्री त्याने फक्त डावी पानं वाचली.

शनिवारी दुपारी तो आला, तो वही टेबलावर आपटतच. साहेब खूश झाले.

"हं. टेबलाला सुतार असतो..."

"असतो. पण टेबल डुगडुगलं की लोक सुताराला हाक मारतात आणि सुतार येतो. अकरा आठवडे ती खाटेवर होती, साहेब. मी किती हाका मारल्या असतील?"

"वा! हा सातवा मुद्दा," म्हणत साहेब भराभर पानं उलटू लागले. "दुःखातून माणूस शिकतो..."

"तिला काय शिकायचं राहिलं होतं?"

साहेबांचा हात पानावरच थांबला. समोरचा माणूस तालीम करत नव्हता.

त्याच वेळी दारातून आवाज आला. "काका, बाबांवर ओरडू नका. देव दुःख पाठवत नाही, दुःखात शेजारी येऊन बसतो." मुलगी बॅग घेऊन उभी होती. बोलून झाल्यावर तिनेच जीभ चावली. वाक्य बापाचं होतं, लहानपणापासून कानांवर पडलेलं.

"शेजारी?" सुतार म्हणाला. "खाटेशेजारी मी होतो. साहेब दोनदा आले, तेही घड्याळाकडे बघत." तो उठला. "उत्तर सापडलं की कळवा. तोवर मी नास्तिक. आणि नास्तिकाने चर्चची घंटा वाजवणं बरं दिसत नाही."

रात्रीच्या जेवणाला मुलगी वादाच्या पवित्र्यात बसली होती. बापाने फक्त मीठ मागितलं.

रविवारी घंटा वाजली नाही. मंडळी अंगणात उभी राहून एकमेकांना वेळ विचारू लागली. साहेब तडक सुताराच्या कारखान्यात गेले, मागोमाग मुलगी. सुतार फळीवर रंधा मारत होता.

"उत्तर आणलंत?"

"नाही. चाळीस पानांत नाही. मला माहीत नाही."

साहेब फळ्यांच्या थप्पीवर बसले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं.

"उपासनेला उशीर होतोय," सुतार म्हणाला.

"होऊ दे."

रंधा थांबला. मुलीने दोघांकडे पाहिलं आणि ती बाहेर पडली.

जरा वेळाने घंटा वाजली. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दोन एकदम.

"कोण वाजवतंय?" सुताराने विचारलं.

"मुलगी असणार."

"तिचा तर देवावर विश्वास नाही ना?"

"नाही. पण लोक ताटकळलेत."

सुताराने कान दिला. आणखी एक ठोका अर्धवटच पडला. "दोर हिसडतेय ती. तुटेल अशाने." त्याने अंगावरचा भुसा झटकला आणि दाराशी जाऊन मागे वळला. "तुम्ही बसा. मी परत येणार आहे."

थोड्या वेळाने ठोके सारखे पडू लागले. चर्चमध्ये मंडळी जमली, दोराशी दोन नास्तिक उभे राहिले आणि पाळकसाहेब भुशात पाय सोडून बसून राहिले.