फॉरेनच्या मॅडमना मराठी येत नाही

जी भाषा आपल्याला कळते तिच्यावर माणसाचा फारसा विश्वास नसतो. लग्नातले मंत्र, डॉक्टरची चिठ्ठी आणि विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं यांना समाजात जो मान आहे तो उगाच नाही. कोल्हापुरात हे सत्य ओळखलं ते बाळासोंनी. सन २००२ मध्ये राजारामपुरीत, मेव्हणे पिराजी यांच्या पिठाच्या गिरणीवर माडी चढवून त्यांनी 'रॉयल थेम्स इंग्लिश अकॅडमी' काढली. (खाली गिरणी चालू असताना मुलांना ओरडून बोलावं लागे. त्याने आत्मविश्वास वाढतो, असं माहितीपत्रकात नमूद होतं.)

पहिले शिक्षक गारगोटीचे बाबासो मास्तर. त्यांनी शिकवलेलं पोरांना कळायचं. साहजिकच पालकांची तक्रार आली. एवढी फी भरून पोराला पहिल्याच आठवड्यात कळायला लागलं, म्हणजे माल हलका असणार! मास्तरांना नारळ देण्यात आला आणि थेट इंग्लंडातून शिक्षिका मागवायचं ठरलं.

ती शिक्षिका म्हणजे निशा. जन्म बर्मिंगहॅमचा, आईबाप कागलचे. घरात वंदना पालीत, बातम्या इंग्रजीत आणि भांडणं कागलच्या मराठीत. आईमागोमाग बाबाही गेले आणि त्या घरात 'व्हय' म्हणणारं कुणी उरलं नाही. ती शांतता निशाला सोसवेना. कुणीतरी आपल्याशी बापासारखं कचाकचा बोलावं, एवढ्यासाठी ती वर्षभर इंग्रजी शिकवायला आली. कागलात बाबांची थोरली बहीण होती, मीनाबाई. बाबांना तिनेच वाढवलेलं. आता निशाला आत्ती म्हणायला तेवढी एकच उरली होती.

स्टेशनवर बाळासो हार घेऊन उभे होते. निशा समोर येऊन थांबली, तर म्हणाले, "पावणं, जरा बाजूला सरा की. आमच्या फॉरेनच्या म्याडम यायच्या हायत."

"मीच ती. निशा," ती म्हणाली. "तुमीच बाळासो न्हवं?"

हार हातातच राहिला. रंग कागलचा, नाक कागलचं आणि वर बोलणंही कागलचं!

त्याच संध्याकाळी समिती बसली. (समिती म्हणजे बाळासो, पिराजी आणि चहा घेऊन आल्यामुळे पिराजींची बायको शालूबाई.) रंग बदलता येत नाही, नाक तर नाहीच. मग फॉरेनचं माणूस ओळखायचं कशावरून? त्याला मराठी येत नाही यावरून. सबब ठराव झाला, की अकॅडमीच्या हद्दीत मॅडमना मराठी कळणार नाही. शिवाय उन्हात टोपी, हातात पाण्याची बाटली आणि पालकांसमोर तिखट भडंगाचा पहिला घास घेताच डोळ्यांत पाणी. हे शेवटचं निशाला जमेना. बाबांनी तिला लसणाच्या चटणीवर वाढवलेलं. अखेर शालूबाई शेजारी बसून कांदा चिरू लागल्या. रविवारी कागलला आत्ती आहेच, असा विचार करून निशाने सगळ्याला मान डोलावली.

निकाल थक्क करणारा होता. शंभरातल्या ब्याण्णव पालकांना मॅडमचं एक अक्षर कळलं नाही आणि ते पूर्ण समाधानी होते. उरलेल्या आठांना थोडंफार कळलं, त्यांनी फी परत मागितली. इलेक्ट्रिकच्या दुकानाचे अल्ताफभाई मुलगी मुस्कानला सोडायला येत आणि मॅडमसमोरच खुशाल सांगत, "दिसाय आपल्याच गल्लीतली वाटती, पण बोलाय लागली की काय म्हंजे काय कळत न्हाई. अस्सल हाय बघा!" मॅडम बाटलीतलं पाणी पीत.

रविवारी कागलला आत्ती दारातूनच ओरडायची, "आलीस? किती वाळलीस गं! तुझ्या बाला बी असंच कोंबून घालाय लागायचं!" आठवडाभर दाबून ठेवलेलं मराठी निशा तिथं मोकळं सोडायची. दोघी प्रेमाने बोलायला लागल्या की शेजारचे भांडण सोडवायला यायचे. निशाला स्वर्ग दोन बोटं उरायचा.

मग कागलातून दोन प्रवेश आले. अकॅडमीची हद्द तातडीने कागलपर्यंत वाढवण्यात आली. "कुणी ऐकलं तर बाजार उठंल आपला," बाळासो म्हणाले, "आन तुमाला बी परत जावं लागंल." परत म्हणजे त्या शांत घरात. निशाने कागलला जाणं थांबवलं. आत्तीकडे फोन नव्हता. निरोप धाडायचा तर तो मराठीत धाडावा लागला असता, आणि मॅडमना मराठी येत नव्हतं.

तीन रविवार असे गेल्यावर पालकसभा भरली. माडी खच्चून भरलेली. मॅडम इंग्लंडातल्या हवामानावर बोलत होत्या, पालक तल्लीन होऊन काही न समजता ऐकत होते. एवढ्यात दारात मीनाबाई, हातात डबा.

"निशे! जित्ती हाईस का मेलीस गं? तीन आइतवार भाकरी थापून वाट बघतीया मी. कुत्र्याला घालू व्हय त्या?"

सगळ्या माना निशाकडे वळल्या. बाळासोंनी टेबलाखाली हात जोडले. निशाच्या दातांपर्यंत 'आत्ती' आलं होतं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"सॉरी?" ती म्हणाली.

मीनाबाईने तिच्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, हात जोडून बसलेल्या बाळासोंकडे पाहिलं. काय चाललंय ते तिच्या ध्यानात आलं. तिने डबा टेबलावर ठेवला.

"चुकलं बघा, पावणं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. "आमची भाची बी दिसाय तुमच्यावानीच हाय." आणि जिना उतरून गेली.

"बघा!" अल्ताफभाई उठून म्हणाले. "घरचं माणूस समजून बाई आली, तरी म्याडमला एक शब्द कळला न्हाई. ह्याला म्हंत्यात गॅरंटी!" टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांनी निशाला स्वतःची मरणाची लाज वाटली. टोपी भिरकावून ती जिन्यावरून धावत सुटली आणि भर रस्त्यात बापाच्या आवाजात ओरडली, "ए आत्ती! थांब की गं! चुकलं माझं! मला पावणं म्हणू नगंस, तुझ्याबिगर कोण हाय मला?" गिरणी चालू होती, तरी माडीवर सगळं स्वच्छ ऐकू आलं.

मीनाबाई थांबली, वळली आणि तिने जे तोंड सोडलं ते ऐकायला गिरणीतल्या हमालांनी पोती खाली ठेवली. निशा रडत होती आणि प्रत्येक शिवीला "व्हय आत्ती, व्हय" म्हणत होती. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

वर बाळासोंनी डोळे मिटून घेतले. पण खिडकीत जमलेले पालक भारावून गेले होते.

"सात महिन्यांत एवढी मराठी?" अल्ताफभाई म्हणाले. "आमची मुस्कान जल्मापासनं कोल्हापुरात हाय, तिला ह्यातलं निम्मं येत न्हाई. फॉरेनचं डोस्कंच येगळं!"

सोमवारी फलक लागला: 'स्पोकन मराठी, थेट फॉरेनच्या मॅडमकडून.' इंग्रजी शाळांतल्या पोरांची रांग गिरणीच्या रांगेत मिसळली. निशा म्हणाली, "माझ्या आत्तीला घ्या की. मी तिच्याकडनंच शिकतीया." समितीने विचार केला आणि अर्ज फेटाळला. मीनाबाईंना मराठी येत होतं हे खरं, पण ते त्यांना इथंच आणि फुकट आलेलं. निशाने आत्तीचा डबा उचलला आणि ती कागलला राहायला गेली. वर्ग मात्र तिच्या फोटोवर चालू राहिला. फोटोतल्या मॅडमचं कुणालाच काही कळत नाही, त्यामुळे तक्रारही आली नाही.

वाचकहो, ही कथा तुम्हाला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत कळली असेल, तर तुमच्या लेखी तिची किंमत काय, हे आम्ही जाणून आहोत. हरकत नाही. घरातल्या नातवंडांना वाचायला द्या. त्यांना कळणार नाही. ती तरी मान ठेवतील.